राउटरवरचा दुसरा दिवा

१

पाचोऱ्याच्या त्या गल्लीत प्रमिलाबाईंइतकी जपलेली म्हातारी दुसरी नव्हती. पलंगासमोर भिंतीवर कॅमेरा, हाताशी बिनतारी घंटी, समोरच्या घरात सुगराबी, वरच्या मजल्यावर पुतण्या, आणि तिकडे जर्मनीत मोबाइल उघडून बसलेला पोटचा मुलगा. एवढा बंदोबस्त तर सरकारी खजिन्यालाही नसतो. तरीही सोमवारी, श्रावणात घरी बसवलेल्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या दिवशी, भर सकाळी पावणेअकराच्या सुमारास बाई आपल्या खोलीत एकट्याच गेल्या. कोणी पाहिलं नाही, कोणी ऐकलं नाही. मुलाच्या मोबाइलवर कॅमेऱ्याचा चौकोन काळा होता आणि तो रविवारी संध्याकाळी सात बावन्नपासून काळाच होता.

मंगळवारी सकाळी सुगराबी झुलाल नानांच्या दारात येऊन बसली तेव्हा नाना पहिला चहा पीत होते. नाना म्हणजे टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. तीस वर्षं खांबावर काढली. आता घरोघरी इंटरनेटचे राउटर बसवतात. प्रमिलाबाईंच्या, म्हणजे गल्लीच्या अक्कांच्या, घरातला राउटर, कॅमेरा, घंटी, सगळं त्यांच्याच हातचं. बाई गेल्याची बातमी त्यांनी ऐकली होती, स्मशानातही जाऊन आले होते. पण सुगराबीचा चेहरा पाहिला आणि त्यांनी तोंडाशी नेलेला कप मागे घेतला.

"नाना, घंटी वाजनीच नही," ती म्हणाली. "अल्लाकसम सांगस, वाजनीच नही."

"कोण म्हणतं वाजली म्हणून?"

"बठ्ठा लोक म्हनतस. भूषणभाऊनी जर्मनीहून चौकीत अर्ज धाडा. रविवारी सात बावन्नले मी कॅमेरा बंद करा आन् अक्काले मरू दिधं, असं लिखेल शे."

सुगराबी साठीला टेकलेली. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, घरी आयत नावाची बारावीतली नात. सहा वर्षं तिने अक्कांचं हागणं-मुतणं केलं होतं. पोटच्या पोरीने केलं नसतं, असं अक्काच चारचौघांत म्हणायच्या. आणखी दोन घरी ती पोळ्या लाटायची. त्या दोन्ही घरांनी कालच निरोप पाठवला होता की सध्या येऊ नकोस. हवालदार धनसिंगने तिला बुधवारी चौकीत बोलावलं होतं, भूषण आला की लगेच.

"मग तू त्या वेळी खोलीत का नव्हतीस?"

ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "रोट होता ना, नाना."

नानांना पुढचं सांगावं लागलं नाही. कानबाईचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, भाऊबंदकीबाहेर जात नाही. अक्कांच्या घराण्यात तर बाहेरच्या माणसाने तो खाताना बघायचंही नाही. घरातले सगळे मिरवणुकीत गेले की अक्का दार लोटून, एकट्या बसून, कानबाईची गाणी गुणगुणत राहिलेला रोट खायच्या. तेवढा वेळ सुगराबी आपल्या घरी जाऊन बसायची. सहा श्रावण हेच चाललं होतं. पूर्वी अक्का खिडकीतून हाक मारायच्या. आवाज खोल गेला तेव्हा नानांनी घंटी बसवून दिली. इथे अक्कांनी बटण दाबलं की तिथे सुगराबीच्या मोबाइलवर घंटी वाजणार.

"मोबाइल मांडीवर होता," सुगराबी म्हणाली. "आवाज फुल. सव्वा तास वाट देखी. मंग राहवनं नही, मीच गयी. तवलगून अक्का गार पडेल व्हत्यात."

तिने मोबाइल पुढे केला. नानांनी तो उलटसुलट पाहिला. आवाज पूर्ण होता, ॲप जागेवर होतं, सोमवारी सकाळची एकही घंटी त्यात नोंदलेली नव्हती.

"नाना, घंटी तुम्हीच लायेल शे. तुम्हीच सांगा आता, ती मुकी कशी व्हयनी?"

नानांनी कप खाली ठेवला. ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायची त्यांना भीतीच वाटली.

२

घरात सुतक होतं. पुतण्या कुंदन ओट्यावर बसला होता, डोक्याचं मुंडण केलेलं. मुलगा वेळेत पोचणार नव्हता म्हणून अग्नी त्यानेच दिला होता. धान्याचा दलाल माणूस, बोलायला मोकळा, पण आज तोंडाला कुलूप.

"कुंदन, रविवारी सात बावन्नला तू कुठे होतास?"

"नाना, तुम्ही कधीपासून फौजदार झाले?"

"घंटी मी बसवली आहे. उद्या माझ्याही गळ्यात येईल ते. सांग."

"आरतीत. अख्खी भाऊबंदकी पुढच्या खोलीत होती. कानबाई बसलेली, काकू खुर्चीवर, टॅबवर भूषण. साडेसातपासून पावणेनऊपर्यंत त्याचं दर्शन चालू होतं. हे एवढुसं तोंड करून रडत होता तिकडे." कुंदनने घसा साफ केला. "नाना, खरं सांगू? तो कॅमेरा मला कधीच आवडला नाही. काकूला दोन शब्द बोलावेत तर जर्मनीतून फोन, 'आईशी आवाज चढवून का बोललास?' मी दहादा म्हटलं, काढा तो. पण म्हणून मी त्याला हात लावला असेल तर ह्या कानबाईची आण."

"मधे कॉल तुटला का?"

"एकदाही नाही. आधी जरा अडकत होता, चित्र थांबायचं. मग असा स्वच्छ झाला की कानबाईच्या नथेचा मोती त्याला तिथे दिसला."

नाना मनातल्या मनात किंचित सुखावले. बसवलेल्या मालाचं कौतुक कोणाला नको असतं? रविवारी दुपारीच त्यांना भूषणचा फोन आला होता. नाना भडगाव रोडला खांबावर लटकलेले, खाली ट्रॅक्टरचा धडधडाट. "नाना, राउटरमधे दोन लाइनी दिसतात, टू-फोर आणि फाइव्ह. दर्शनाला चांगली कोणती?" नाना ओरडले होते, "फाइव्ह रे बाबा! टू-फोर म्हणजे बैलगाडी, फाइव्ह म्हणजे मोटारसायकल. वीसच्या जागी दोनशेचा वेग." आणि फोन खिशात टाकला होता. मोटारसायकल धावली म्हणायची.

इतक्यात कुंदनची बायको दिपमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोळे सुजलेले. अक्कांशी तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, हे गल्लीला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं की ते गल्लीला ठाऊक आहे.

"माझ्यावर आणा आता," ती म्हणाली. "आणा की! रोषणाईच्या माळा मी लावल्या. दोन प्लग मी काढले. एक पंख्याचा, एक मिक्सरचा. कॅमेऱ्याचा नाही काढला. राउटरचा काढला असता तर भाऊजींचं दर्शन बंद नसतं का पडलं?"

"बरोबर आहे तुझं."

"आणि नेटचं म्हणाल तर त्या दिवसापासून आम्हालाच वर एक काडी रेंज नाही. रविवारी रात्री पोराच्या अभ्यासाच्या वहीचे फोटो फोनवर मागवायचे होते, शेवटी शेजारच्या बाईकडून वहीच आणली. आम्हाला वाटलं, पाव्हणे फार, सगळ्यांचे मोबाइल जोडलेले, म्हणून."

नानांनी तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच धरून ठेवला.

"वर नेट नाही? पण खाली दर्शन काचेसारखं स्वच्छ?"

"तेच म्हणते मी. ह्या घरात वरच्यांना मिळतं काय?"

नानांनी विषय बदलला. "सात बावन्नला मागच्या खोलीत कोण होतं?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग कुंदन खाली बघत म्हणाला, "सुगराबी. काकूंची शाल आणायला गेली होती. एकटीच. आणि नाना, ती काकूंना आंघोळ घालताना, कपडे बदलताना त्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायची. रोज. भूषणने तिला त्यावरून झापलंही होतं. मी काही बोलत नाही, पण अर्जात हे आहे."

नाना उठले. सुगराबीने हे त्यांना सांगितलं नव्हतं.

३

मागच्या खोलीच्या आणि पुढच्या खोलीच्या मधली भिंत दीड हात जाड, दगड-मातीची. नाना दार लोटून आत गेले. पलंगावरची गादी गुंडाळलेली, कोपऱ्यात पणती. ज्या खुर्चीवर बाई गेल्या ती तशीच खिडकीपाशी होती. खुर्चीच्या हाताला दोरीने बांधलेलं पांढरं बटण, तीच घंटी. बाईंच्या हातातून पडू नये म्हणून नानांनीच बांधून दिलं होतं. 

कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका मात्र जळत होता. म्हणजे वीज आहे. टॉवेल बाजूला खुंटीवर, कोरडा.

एक गोष्ट ह्या घरात कोणालाच माहीत नव्हती. नाना कॅमेरा बसवताना त्याच्या पोटात पदरचं एक मेमरी कार्ड घालून ठेवायचे. खात्यातली जुनी खोड. लाइन तुटली तरी कुठे तुटली ते सांगायला एखादा मुका साक्षीदार पाहिजे. इंटरनेट असो-नसो, कॅमेरा जे बघतो ते त्या कार्डावर आठवडाभर राहतं. नानांनी नखाने कार्ड काढलं, पिशवीतला जुनाट लॅपटॉप पलंगावर उघडला आणि दार आतून लावून घेतलं.

आधी रविवार. सात पन्नास: खोली रिकामी. सात एक्कावन्न: सुगराबी येते, कपाटातून शाल काढते, घडी मोडते, नाकाशी धरून हुंगते, पुन्हा झटकते. सात बावन्न: तिची कॅमेऱ्याकडे पाठ आहे. सात त्रेपन्न: ती निघून जाते. कॅमेऱ्याच्या जवळपासही ती फिरकलेली नाही, आणि कॅमेरा बंदही पडलेला नाही. तो सगळं बघत होता. फक्त कोणाला दाखवू शकत नव्हता.

"सुटली बिचारी," नाना स्वतःशीच म्हणाले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण लाइनमनला टोकापर्यंत तार तपासायची सवय.

सोमवार. दहा वाजून चार. सुगराबी अक्कांना खुर्चीवर बसवते, पुढ्यात ताट ठेवते, ताटावरचा रुमाल न काढताच उंबरठ्याबाहेर जाते. अक्का दाराकडे बघून काहीतरी म्हणतात, दोघी हसतात. दार लोटलं जातं. बाहेर संबळ, बँड, बायकांच्या फुगड्यांचा गलका. अक्का रुमाल काढतात, हात जोडतात, रोटाचा तुकडा मोडतात. ओठ हलताहेत. गाणं असावं.

दहा एकतीस. हात छातीवर जातो.

नानांनी डोळे मिटले, मग उघडले. अक्कांनी बटण दाबलं होतं. दाराकडे बघत थांबल्या. पुन्हा दाबलं. रोटाचं ताट बाजूला सरकवलं, त्यावर रुमाल झाकला, म्हणजे सुगराबी आत आली तरी अडायला नको. पुन्हा दाबलं. नऊ मिनिटं. नाना बोटं दुमडत मोजत होते. दोन्ही हातांची बोटं संपली आणि वर एक उरलं.

अकरा वेळा.

दारावर कोणी आलं नाही. नाना लॅपटॉप मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. त्यांना रडू आलं, आणि रडता रडता लक्षात आलं की आपण काय करून बसलो. हे कार्ड धनसिंगने पाहिलं तर सुगराबी आगीतून फुफाट्यात. म्हातारीने अकरा वेळा बोलावलं आणि ही समोरच्या घरात बसून राहिली, असंच जग म्हणणार. ती सांगतेय त्याला तिचा एक मोबाइल सोडला तर साक्षीदार कोण? आणि मोबाइलमधलं पुसता येतं.

४

नानांनी डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवातीपासून चित्र लावलं. ह्या खेपेला त्यांनी अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, फक्त बटणाकडे पाहिलं.

त्या बटणावर मोहरीएवढा दिवा असतो. निरोप गेला तर हिरवा लुकलुकतो, नाही गेला तर लाल. नानांनी चित्र थांबवलं, मोठं केलं. अक्कांच्या अंगठ्याखाली लाल ठिपका. दुसऱ्या वेळी लाल. अकराही वेळा लाल. अक्कांना मोतीबिंदू, त्यांना लाल-हिरवं काय कळणार?

म्हणजे सुगराबी खरं बोलत होती. घंटी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

ते पुढच्या खोलीत आले. कानबाईचा चौरंग रिकामा, हळदीकुंकू अजून सांडलेलं. वर फळीवर राउटर. नाना खाली बसले आणि जुन्या सवयीने मोठ्यांदा हिशोब मांडू लागले. कुंदन दारात उभा राहून ऐकत होता.

"कॅमेऱ्याला वीज होती. राउटरला वीज होती. बाहेरून येणारी लाइन चालू होती, नाहीतर भूषणचं दर्शन तुटलं असतं. मग मुकं कोण झालं? कॅमेरा मुका झाला. घंटी मुकी झाली. वर तुमचे मोबाइल मुके झाले. आणि बोलत कोण राहिलं? फक्त टॅब, इथे, राउटरच्या नाकासमोर. कुंदन, ह्या डबीतून दोन लाइनी निघतात. फाइव्ह पळते भन्नाट, पण भिंत लागली की तिचा जीव जातो. टू-फोर रडतखडत चालते, पण दीड हाताची भिंत ओलांडते, स्लॅब ओलांडून वरही जाते. आणि हे स्वस्तातले कॅमेरे, ह्या घंट्या, ह्यांना फाइव्ह कळतच नाही. त्यांना एकच भाषा येते, टू-फोरची."

"म्हणजे?"

"राउटरकडे बघ. किती दिवे आहेत?"

कुंदन टाचा उंचावून बघू लागला. "हा लाल विजेचा. आणि एक हिरवा."

"हिरवे दोन पाहिजेत. दुसरा विझलाय. टू-फोर कोणीतरी बंद केली आहे. आणि ती आपोआप बंद होत नाही, माणसालाच करावी लागते."

"कोणी?"

ते तर नानांनाही हवं होतं. बसवलेल्या प्रत्येक राउटरची नोंद त्यांच्या मोबाइलमधल्या ॲपात राहायची. कोणी काय बदललं, किती वाजता, कोणत्या मोबाइलवरून. ह्या घराच्या राउटरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तिघांकडे: स्वतः नाना, कुंदन आणि भूषण. नानांनी चष्मा चढवला. कुंदनचा श्वास त्यांना मानेवर जाणवत होता. दोन वर्षांपूर्वीची पहिली जोडणी, नानांच्या नावावर. मग काहीच नाही, काहीच नाही. मग रविवार. संध्याकाळचे सात एक्कावन्न. टू-फोर बंद. बदल घराबाहेरून.

आणि पुढे मोबाइलचं नाव.

नानांनी मोबाइल पटकन उलटा केला, मांडीवर दाबून धरला.

"मी आहे का त्यात?" कुंदनने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"नाही."

"मग सुगराबी?"

"तिच्याकडे किल्लीच नाही."

"मग राहिलं कोण, नाना?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. पण हा कळसा काखेतून काढायचा कसा, हे म्हणीत नाही. कुंदन हळूच भिंतीला टेकला, आणि मग कपाळावर हात मारून खालीच बसला.

"अरे देवा," तो म्हणाला. "नाना, हे त्याला सांगू नका. तो मरेल."

"नाही सांगितलं तर ती मरते."

त्या संध्याकाळी नानांना जेवण गेलं नाही. भूषणचा विचार तर होताच, पण त्यामागे दुसरा एक विचार उभा होता आणि तो हलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी ह्या घरात दोन्ही लाइनींना एकच नाव त्यांनीच दिलं होतं. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ नको, म्हणून सगळीकडे ते असंच करायचे. म्हणून टॅब सारखा ह्या लाइनीवरून त्या लाइनीवर उड्या मारायचा, चित्र अडकायचं. त्याला फाइव्हवर बांधून ठेवायला दुसरी लाइन तोडण्याशिवाय पोराला दुसरं काय सुचणार? आणि खांबावरून त्यांनी त्याला अर्धंच सांगितलं होतं. वेग सांगितला, भिंत सांगितली नाही.

५

बुधवारी सकाळी भूषण आला. राख सावडून थेट घरी. चाळिशीचा, अंगाने बारीक, तीन दिवस न झोपलेला. पुढच्या खोलीत कुंदन, दिपमाला आणि नाना. धनसिंग ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. सुगराबीला अकरा वाजता चौकीत जायचं होतं. ती समोर आपल्या घरातच होती.

"नाना, कॅमेरा तुम्ही बसवला," भूषण उभ्याउभ्याच म्हणाला. "सांगा ह्यांना, तो मुद्दाम बंद केला गेला की नाही?"

"केला गेला."

"बघा! मी जर्मनीत बसून ओरडतोय, कोणाला पटत नाही. मला नाव पाहिजे, नाना. कोणी बंद केला ते नाव. माझी आई तडफडून गेली आणि मी स्क्रीनवर काळा चौकोन बघत होतो. त्या माणसाला मी सोडणार नाही."

"भूषण, आधी खाली बस."

"नाव सांगा."

नाना रात्रभर घोकलेलं सगळं विसरले. खोटं बोलायचं त्यांनी ठरवून पाहिलं होतं: राउटर बिघडला, कोणाचाच दोष नाही. पण बिघडलेल्या राउटरने सुगराबी सुटली नसती. लोक म्हणाले असते, नाना तिला वाचवताहेत. त्यांनी मोबाइल पुढे केला.

"हे वाच."

भूषणने वाचलं. पुन्हा वाचलं. मग आपला मोबाइल काढून त्यावरचं नाव बघितलं, जसं माणूस दुसऱ्या कोणाची खात्री करून घेतो तसं.

"पण मी तर फक्त... ती हळूवाली बंद केली. चित्र अडकत होतं. मी वेग मोजला, अडतीस होता. बंद केली तर एकशे नव्वद. मी आईला म्हणालो पण, 'आता बघ, कशी दिसतेस.' " तो थांबला. "लगेच कॅमेरा गेल्याचा निरोप आला. मला वाटलं, माळांसाठी कोणी प्लग काढला."

"कॅमेरा त्या हळूवालीवर होता. घंटीही."

दिपमालाने तोंडात पदर घातला. बाहेर धनसिंगचं तंबाखू मळणं थांबलं.

"मी तुला अर्धं सांगितलं, पोरा," नाना म्हणाले. "हा दोष माझा. तू विचारलंस आणि मी खांबावरून बैलगाडी-मोटारसायकल केलं. उतरून बोललो असतो तर..."

भूषणला ते ऐकू आलं नसावं. तो हळूच खाली बसला, कानबाईच्या चौरंगाला टेकून. "तिने घंटी वाजवली होती?"

"हो."

"किती वेळा?"

नानांचा हात खिशात गेला. कार्ड तिथेच होतं, नखाएवढं.

"एकदाच," नाना म्हणाले. "एकदाच दाबली, आणि गेल्याच. फार त्रास नाही झाला."

भूषण त्यांच्याकडे बघत राहिला. मग ओट्याच्या दिशेने तोंड करून, आवाज नसल्यासारखा म्हणाला, "धनसिंगभाऊ, तो अर्ज मी मागे घेतो. काय लिहायचं ते सांगा, सही करतो."

"चौकीत या मग सवडीने," धनसिंग म्हणाला, आणि टोपी हातात घेऊन निघून गेला. जाताना त्याने समोरच्या दाराकडे बघितलंही नाही. गल्लीत जे पसरायचं ते तीन दिवसांत पसरलं होतं. आता कोणी घरोघरी जाऊन ते परत गोळा करणार नव्हतं. त्या दोन घरांनी पोळ्यांना दुसरी बाई लावलीही होती.

नानांनी मोबाइलवर बोट फिरवलं. राउटरवर दुसरा दिवा लुकलुकला आणि लागला. तेवढ्याने वर कोणाच्या तरी मोबाइलवर निरोपांची टिकटिक सुरू झाली. दिपमाला लगबगीने जिना चढून ती बंद करायला गेली.

भूषण उठला आणि मागच्या खोलीत गेला. नाना त्याच्या मागोमाग गेले. तो आईच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला होता आणि खुर्चीच्या हाताला बांधलेलं बटण त्याच्या हातात होतं. त्याने ते दाबलं. मोहरीएवढा हिरवा दिवा लुकलुकला.

गल्लीपलीकडे घंटी वाजली. भांडं पडल्याचा आवाज आला, मग दाराची कडी.

"ऊनी, अक्का, ऊनी!"

आले, अक्का, आले: सवयीने निघालेले शब्द. पावलं धावत गल्ली ओलांडून आली, ओटा चढली, पुढची खोली ओलांडली. भूषणची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. काटा अर्धा फेराही फिरला नव्हता. सुगराबी दारात उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले, दम लागलेला. रिकामी खुर्ची तिला दिसली आणि आपण काय केलं ते तिला कळलं. तिने हात मागे घेतले.

"नाना," भूषण घड्याळावरून नजर न काढता म्हणाला, "खरं सांगा. एकदाच?"

नानांनी खिशातलं कार्ड मुठीत घट्ट धरलं आणि मान खाली घातली.

सुगराबी उंबरठ्याबाहेरच थांबली होती. आत रोट असो-नसो, आज ह्या दारात विचारल्याशिवाय पाऊल टाकायला ती धजेना.

"भूषणभाऊ," तिने विचारलं, "येऊ का आत?"